श्रावणातलं वांगं

फाल्गुनात आमच्या ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सेलूच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "शेत आता विसरा. पण खाटेवर बसून राहिलात तर हात कायमचा जाईल. परसात भाजी लावा. ऊन चढायच्या आत अर्धा तास माती हलवा, तांब्यानं पाणी घाला. तेवढी कसरत पुरे."

दहा एकर कापूस करणारा माणूस. आधी लाजच वाटली. शेजारच्या चांगुणाबाईनं कुंपणावरून चिडवलंच, "भाऊजी, आता पाटी घेऊन बाजारात बसता का?"

"बसतो की," हे बोबडं बोलले. "तुला किडकी देतो."

आमची काळी माती भिजली की चिकटते, वाळली की भेगाळते. म्हणून सून मंजुषानं तीत शेणखत आणि वाळू मिसळून विटांचा गुडघाभर उंच वाफा केला. वांग्याची सहा रोपं लावली. हे स्टुलावर बसायचे, डाव्या हातानं उजवा हात उचलून खुरप्यावर ठेवायचे. ज्येष्ठात बोटं हलली. आषाढात मूठ वळली. दिवा लावताना मी तेवढंच मागत होते.

श्रावणात एका सकाळी हे आपल्या पायानं स्वयंपाकघरात आले. उजव्या हातात वांगं.

"ह्याच हातानं तोडलं. भाजी कर. पहिला घास तू खा."

आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत मी वांगं खात नाही. सासूबाईंनी घालून दिलेला नेम, एकतीस वर्षं मोडला नव्हता. मी हळूच म्हणाले, "चंपाषष्ठीला खाते की. तोवर तुमी खा."

"तोवर मी हाय का न्हाई, कोण सांगावं?"

"अभद्र बोलू नका. तुमच्यासाठीच तर पाळायले मी."

"मंग माझ्यासाठी खा."

मंजुषा म्हणाली, "आत्याबाई, एक घास. देव काय लगेच रागावतोय?"

मी मान हलवली. नेम मोडला आणि ह्यांना परत काही झालं तर? मला तीच धास्ती.

वांगं ओट्यावर ठेवून हे गेले. दुसऱ्या दिवशी परसात आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी बोलवलं, मंजुषानं बोलवलं.

"कुणासाठी लावायची?" एवढंच म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड केलं.

पंधरा दिवसांत बोटं आत मुडपली. डॉक्टरांनी विचारलं, "काम का थांबवलं?" मी ह्यांच्या बोटांवर पदर ओढला.

भादव्यात मी उरलेली वांगी तोडून भाजी केली. ताट घेऊन खाटेपाशी बसले. देवाची क्षमा मागितली आणि ह्यांच्या डोळ्यांदेखत घास तोंडात घातला.

"बघा, खाल्लं मी. उद्या येता ना परसात?"

ह्यांनी हात उचलून पाहिला. खांदा तेवढा हलला. हात पांघरुणावर तसाच पडून राहिला.

"आता व्हायचं न्हाई गं," हे म्हणाले. राग नव्हता त्यात. "जेव तू. लय दिवसांनी खायलीस."

मी जेवत राहिले.