एकशे सतरा फटके

मी क्लिकर बोलतोय. मुठीत मावणारा, स्टीलचा, चार आकड्यांची खिडकी असलेला. बटण दाबलं की एक वाढतो. का वाढला ते मला कळत नाही. पण ज्यांना ते कळायला हवं, त्यांनी न कळल्याचं सोंग घेतलं की काय होतं, ते मी पाहिलंय.

नांदेडच्या दुकानात माझे भाऊबंद नामजप मोजायला विकले जातात. मलाही तसाच निवांत अंगठा मिळेल असं वाटलं होतं. घेतलं विशाखानं. देगलूरची, मानसशास्त्रात एम.ए. झालेली. लातूरला संगमेश्वर सरांचं मुलांसाठी वर्तन उपचार केंद्र आहे, तिथं ती शिकाऊ होती. वर्तन विश्लेषणाच्या प्रमाणपत्राची परीक्षा तिला द्यायची होती, आणि त्या परीक्षेला बसायला देखरेखीखालचे तास लागत. प्रत्येक तासाखाली सरांची सही.

खोलीवर ती मोठ्यानं पाठ करायची. वर्तनाच्या आधी काय घडलं, वर्तन काय, त्यानंतर काय मिळालं. मूल असं का करतं? लक्ष हवं म्हणून, काम टाळायला, वस्तू मिळवायला, किंवा त्या कृतीनंच शरीराला काही मिळतं म्हणून. आणि या सगळ्याच्या आधी, काही दुखतंय का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. ही ओळ पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात होती. विशाखानं ती पिवळ्या पेननं रंगवली होती. मी साक्षीला आहे.

लुंबिनी सहा वर्षांची. तिला बोलता येत नसे. आई राजकन्या डाळमिलमध्ये कामाला, अर्धी रजा टाकून लेकीला आणायची. लुंबिनी उजव्या कानावर तळहात आपटून घ्यायची. व्याख्या ठरली: हात कानाला लागून आवाज आला की एक. पाच दिवस नुसतं मोजलं. तासाला बारा.

सरांनी दोनदा दारातून पाहिलं. पोर मारून घेते, आई धावते, जवळ घेते. लागला निकाल! पोरीला लक्ष हवंय, मग ते द्यायचंच नाही. आईनं भिंतीकडे तोंड करून बसायचं.

याला एक्स्टिंक्शन म्हणतात. मिळणारी गोष्ट बंद केली की वर्तन हळूहळू विझतं. पण विझण्याआधी ते बऱ्याचदा उसळतं, आणि त्या उसळीला घाबरून मध्येच नमलात तर पुढं आणखी घट्ट होतं. विशाखाच्या वहीत यापुढं तीन चांदण्या होत्या: हमखास विचारतात.

मी तीसवर गेलो. मग अठ्ठावन्नवर. मग एक्याण्णव. कुणी दचकलं नाही. पुस्तकात आहे तशीच उसळी, अशी केस नशिबानं मिळते, असं सर म्हणाले.

एकदा विशाखा सरांकडे गेली आणि राजकन्या बाटली भरायला बाहेर गेली. मी खिडकीत पडून होतो. खोलीत लुंबिनी एकटी, तरी हात कानावर आपटतच होता. रिकाम्या खोलीत ती कुणाचं लक्ष मागत होती? मला दाबायला अंगठा नव्हता. ते फटके वहीत आलेच नाहीत.

त्याच आठवड्यात राजकन्या भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलली, "मॅडम, पोरीच्या उशीला लई घाण वास यायलाय. कानातून पाणी गळायलंय."

विशाखाचा अंगठा थांबला. तिनं सरांकडे पाहिलं. सर हसले. "राजकन्याताई, तुमचा जीव कळवळतो हे पोरीला बरोबर ठाऊक आहे. आता वळलात, तर तीन आठवडे पाण्यात."

पिवळी ओळ विशाखाला आठवली नसेल, असं मी म्हणणार नाही. तिनं मान खाली घातली. अंगठा पुन्हा चालू झाला. ब्याण्णव. त्र्याण्णव.

दुसऱ्या दिवशी एकशे सतराव्या फटक्याला राजकन्या उठली. "तुमचं मोजणं तुमच्यापाशी ठिवा," म्हणाली, आणि लेकीला कडेवर घेऊन चालती झाली. रिक्षापर्यंतसुद्धा कुणी गेलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी लुंबिनीला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. पू कानामागच्या हाडात शिरला होता. ऑपरेशन झालं, जीव वाचला. उजव्या कानानं आता ऐकू येत नाही.

महिन्यानं सरांनी विशाखाला पाठपुराव्याचे आकडे आणायला राजकन्येच्या घरी पाठवलं. तीन दिवस मी शून्यावर होतो. राजकन्येनं शिव्या दिल्या नाहीत, चहा दिला. निघताना एवढंच विचारलं, "तुम्ही शिकल्यासवरल्या. माझी पोर काय सांगायली हुती, ते इतकं मोजून बी कळलं न्हाई?"

सरांनी आलेख काढला. बारा, तीस, अठ्ठावन्न, एक्याण्णव, एकशे सतरा, मग शून्य, शून्य, शून्य. रंगीत छापून दर्शनी भिंतीवर लावला. वर मथळा: एक्स्टिंक्शनचं यश. नवे पालक आले की पहिल्यांदा तोच दाखवतात.

परिस्थिती बदलली की आलेखावर उभी रेघ ओढायची आणि कारण लिहायचं, हा या विद्येतला अगदी सुरुवातीचा धडा. इथं एकशे सतरा आणि पहिल्या शून्याच्या मध्ये रेघ नव्हती. पाच वर्षांच्या शिवलिंगचे आईबाप समोर बसलेले असताना विशाखा खुर्चीवर चढली आणि तिनं पेननं ती ओढली. बाजूला लिहिलं: कानाचं ऑपरेशन.

सरांनी आवाज चढवला नाही. "विशाखा, तुझे अजून चारशे तास राहिलेत ना?"

"राहू द्या," ती म्हणाली. मला टेबलावर ठेवून गेली. मॅडमना परीक्षेचं टेन्शन आलंय, असं सरांनी पाहुण्यांना सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवी प्रत लागली. रेघ नसलेली.

आता मी मृण्मयी नावाच्या नव्या मुलीच्या मुठीत असतो. तिचीही परीक्षा जवळ आलीय. शिवलिंग स्वतःचं मनगट चावतो, खाताना मध्येच थांबून गाल दाबून धरतो. नऊवरून मी सव्वीसवर आलोय. चांगलं लक्षण आहे, असं सरांनी तिला सांगितलंय, आणि तिनं ते वहीत उतरवून घेतलंय.

परीक्षेला बसणाऱ्यांनो, माझ्या हातात थांबणं नाही. उद्या सकाळी दहाला शिवलिंग येईल. माझ्यावर अंगठा ठेवण्याआधी कुणीतरी त्याचं तोंड उघडून दाढ बघा.