चार बोटं

आधीच सांगून टाकतो, मी रागीट माणूस आहे. टालावरचे हमाल म्हणायचे, चांद्याचं ऊन आणि गुणवंतरावांचा पारा, दोन्ही दुपारच्या आतच चढतात. त्यामुळे बिरजूबद्दलचं ते वाक्य पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघालं, याचं कुणाला नवल वाटलं नाही. मला मात्र आजही त्याची लाज वाटते.

टाल म्हणजे बाबूभाईंची लाकडाची वखार. बाबूभाई गडचिरोलीकडच्या जंगलाचे ठेके घ्यायचे, सागवान चांद्याला आणायचे, आणि ते मोजायचं काम माझ्याकडे होतं. बावीस वर्षं मी लाकूड मोजलं. गुणवंतरावांनी मोजलं म्हणजे मोजलं, पुन्हा फीत लावायची नाही, असं सगळे म्हणत. मला त्याचा गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे.

गावात नवं कॉलेज निघालं तेव्हा त्यात शंभर पोरंही नव्हती. बाहेरून एक तरुण सर आले आणि त्यांनी बास्केटबॉलची टीम काढली. बाबूभाईंनी सागाचे दोन खांब फुकट दिले, नवाब सुतारानं फळ्या ठोकल्या, लोहारानं रिंगा वळल्या. खांब उभे झाल्यावर मापासाठी अर्थातच मला बोलावणं आलं. सर म्हणाले, रिंग जमिनीपासून बरोबर दहा फूट. मी खाली बसून फीत धरली, नवाबनं शिडीवरून खूण केली. दोन्ही खांबांचं काम पाव तासात उरकलं.

पहिल्या दिवशी लोकांनी विचारलं, बिनबुडाची टोपली एवढ्या उंच कशाला टांगली? दोन महिन्यांत तेच लोक फाउल कोणाचा यावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ लागले. दोन वर्षांनी, सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात तर चांद्याला दुसरा विषयच उरला नाही. मॅचच्या दिवशी बाबूभाई चारला टाल बंद करत. आम्ही टालावरचे ओंडके नेऊन ग्राउंडभोवती टाकले होते, त्यावर बसायचं आणि घसा बसेपर्यंत ओरडायचं. माझी जागा पूर्वेकडच्या रिंगेखालची, आणि तिथं दुसरं कुणी बसलं तर मी त्याला उठवायचो.

आणि टीममध्ये बिरजू होता. गडचिरोलीच्या पलीकडे, नदी ओलांडून दोन दिवस चालावं लागे अशा गोंड वस्तीतलं पोर. त्याचा बाप बुधू बाबूभाईंच्याच ठेक्यावर झाडं तोडायचा. बिरजू त्या वस्तीतला कॉलेजात आलेला पहिलाच. चांगला खेळतो म्हणून प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्याची फी माफ केली होती, होस्टेलात फुकट ठेवलं होतं. बोलणं कमी. पण फाउल मिळून फ्री थ्रो घ्यायला तो रेषेवर उभा राहिला की आम्ही श्वास रोखायचो, आणि चेंडू रिंगेतून खाली यायचा. दहातले आठ तरी जायचेच.

घरच्या ग्राउंडवर आम्ही पहिल्या चारही मॅच जिंकलो. पाहुण्यांचे चेंडू रिंगेच्या पुढच्या कडेला आपटून परत यायचे आणि आम्ही हसून हसून लोळायचो. बाहेरगावी मात्र गाडी अडायची. वर्ध्याला हरलो, तेव्हा आम्ही पंचाला शिव्या घातल्या. मग आली नागपूरची मॅच. आम्ही वीस जण सकाळची पॅसेंजर पकडून टीमबरोबर गेलो. त्या दिवशी बिरजूनं दहा फ्री थ्रो मारले आणि नऊ घालवले. प्रत्येक चेंडू रिंगेवरून जाऊन मागच्या फळीवर धाडकन आदळायचा. आम्ही दोन पॉइंटांनी हरलो. वर मॅच संपल्यावर हा बाबा नागपूरच्या एका खेळाडूबरोबर हॉटेलात चहा पिताना दिसला.

परतीच्या गाडीत टीम पुढच्या डब्यात होती. वरोरा स्टेशनवर गाडी थांबली, बाबूभाईंनी भजी घेतली. माझं भजं मी परत कागदात टाकलं. डोक्यात राख घालून मी म्हणालो, "दहातले नऊ! हे काय चुकून होते? विकल्या गेला पोट्टा."

लगेच कुणीतरी त्या चहाची आठवण काढली. चांदा येईपर्यंत डब्यातल्या प्रत्येकाला बिरजू विकला गेल्याची खात्री पटली होती, आणि दुसऱ्या दिवशी गावाला. गुणवंतरावांनी म्हटलं आहे, एवढा पुरावा लोकांना पुरला.

गोष्ट प्रिन्सिपॉलसाहेबांपर्यंत गेली. शेवटची मॅच त्याच नागपूरच्या टीमशी, आमच्या ग्राउंडवर, रविवारी होती. साहेबांनी बिरजूला बोलावून स्पष्ट सांगितलं, या मॅचमध्ये असंच झालं तर सोमवारी नाव कापतो. नाव कापलं म्हणजे फीमाफी गेली, होस्टेल गेलं, आणि पोरगं बापाच्या मागं कुऱ्हाड घेऊन जंगलात परत गेलं. मला हे कळलं तेव्हा थोडं वाईट वाटलं. पण थोडंच. विकला गेला नसेल तर खेळून दाखवेल, असं मी घरी बायकोला, कमळाला म्हणालो. ती पोळी लाटत होती. "आणि नाई जमलं त्याले तर?" एवढंच तिनं विचारलं.

शुक्रवारी टालावर मी ओंडके मोजत होतो. फितीचं दुसरं टोक धरायला रुखमा नावाची नवी बाई लागली होती. मी तिला म्हटलं, "टोकापासून चार बोटं सोडून धर."

"काऊन जी? लाकूड तं इथपर्यंत हाये."

"टोक वाळलं का चिरते. ते धरत नाई मापात. चार बोटं सोडूनच मोजाचं असते, मी बावीस वर्ष..."

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. माझा हात माझ्या डोळ्यांसमोर आला. कॉलेजच्या ग्राउंडवर खांबाच्या बुडाशी मी उकिडवा बसलो आहे, आणि फितीचं टोक जमिनीला न लावता, सवयीनं, चार बोटं वर धरलं आहे. दोन्ही खांबांना.

मी फीत घेऊन तसाच ग्राउंडवर गेलो. भर दुपारची वेळ, तिथं कुणी नव्हतं. काठीला फीत बांधून मोजलं. दहा फूट आणि चार बोटं. दुसऱ्या खांबालाही तेच. आमची पोरं दोन वर्षं उंच रिंगेवर हात बसवत होती. म्हणून पाहुण्यांचे चेंडू इथं खाली पडत होते, आणि आमचे नागपूरला वरून जात होते. बिरजूचा हात जितका पक्का, तितका तो तिथं चुकणार होता.

आता जे केलं ते सांगायला जीभ रेटत नाही. मी सरांकडे जायला हवं होतं. गेलो नाही. चार मॅच जिंकलो त्या माझ्या चुकीनं, हे गावाला कळलं असतं. आणि नागपूरवाले स्वतःची फीत घेऊन येतात असं ऐकून होतो, त्यांनी मोजलं तर? मी नवाबच्या घरी गेलो. रिंगा गुपचूप चार बोटं खाली घेऊ, म्हणजे सगळं ठीक होईल, असं माझं म्हणणं.

नवाब म्हणाला, "भाऊ, सरले सांगून टाका ना. पोट्टे जुन्या अंदाजानं मारतीन."

"दोन-चार चेंडूत अंदाज येते. अन् तुले काय कराचं हाये? फळी तुही, माप माहं."

मॅचच्या आदल्या दिवशी सरांनी टीमला सुट्टी दिली होती. शनिवारी उजाडताच आम्ही दोघांनी रिंगा खाली घेतल्या आणि जुन्या भोकांना मेण लावलं. तो सारा दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. कमळानं दोनदा विचारलं, बरं नाही का? मी तिच्यावरच खेकसलो.

रविवारी चार वाजता ग्राउंडवर पाय ठेवायला जागा नव्हती. राजुऱ्याहून माणसं आली होती. मी माझ्या ओंडक्यावर बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. नागपूरचा पहिलाच चेंडू आत गेला. आमच्या कॅप्टनचा वरून गेला. बिरजूचा फळीवर आदळून बाहेर. मी मनातल्या मनात म्हणत होतो, खाली मार रे, थोडा खाली. दोन-चार चेंडूत अंदाज येतो म्हणालो होतो ना? दहा झाले, बारा झाले, अंदाज येईना. पोरं घाबरली होती आणि घाबरलेला हात सवयीचंच ऐकतो. बिरजूला फ्री थ्रो मिळाले. पहिला वरून. दुसरा वरून.

पश्चिमेकडून कुणीतरी ओरडलं, "विकला!" मग सगळीकडून सुरू झालं. माझ्या शेजारी बाबूभाई उभे राहून ओरडत होते, एरवी कुणाला अरे न म्हणणारा माणूस. बिरजूनं एकदा आमच्या बाजूला पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं असं मला वाटलं, आणि मी मान खाली घातली.

अर्धी मॅच झाली तेव्हा आम्ही नऊ, नागपूर एकवीस. प्रिन्सिपॉलसाहेब खुर्चीवरून उठून सरांपाशी गेले. मी जवळच होतो, मला ऐकू आलं. "त्याला बसवा. उद्या माझ्याकडे पाठवा, कागद तयार ठेवतो."

बिरजू ग्राउंडच्या कडेला जाऊन अंगावरचा बनियन काढत होता. टीमचा बनियन, आकडा लिहिलेला. तो त्याची घडी घालायला लागला. मला ते बघवेना.

मी उठलो आणि सरळ मधोमध जाऊन उभा राहिलो. खिशातून फीत काढली. "थांबा," मी ओरडलो. माझा आवाज मोठा आहे, लोकांना वाटलं मीही बिरजूला शिव्या घालणार. "पोरानं काई केलं नाई. चूक माही हाये. रिंगा मी चार बोटं उंच लावल्या होत्या. काल चोरून खाली घेतल्या, अन् कोणाले सांगितलं नाई. नागपूरले बी तेच झालं. विकला म्हणणारा पहिला मी. तो खोटा नाई, माहं माप खोटं हाये."

पंचानं माझ्या हातातून फीत घेऊन दोन्ही रिंगा मोजल्या. बरोबर दहा फूट. म्हणजे ही मॅच तरी खरी होती. मागून एक संत्र्याची साल येऊन माझ्या पाठीवर लागली, मग दुसरी. बाबूभाई माझ्याजवळ आले. "गुणवंतराव, आप? आपकी नाप?" ते एवढंच म्हणाले, आणि मला सालींपेक्षा तेच जास्त लागलं.

बिरजू उघड्या अंगानं समोर येऊन उभा राहिला. "किती, भाऊ?"

"चार बोटं."

त्यानं स्वतःची चार बोटं जोडून डोळ्यांसमोर धरली, रिंगेकडे पाहिलं, आणि घडी मोडून बनियन पुन्हा अंगात घातला. साहेब परत खुर्चीवर जाऊन बसले. सरांनी त्याला ग्राउंडवर ढकललं.

दुसऱ्या अर्ध्यात त्याचा पहिला चेंडू कडेला लागून बाहेर आला. पुढचा आत गेला. मग तो थांबला नाही. मी बसलो नव्हतो, माझ्या ओंडक्यावर कुणी जागाच दिली नाही, मी खांबाला टेकून उभा होतो. तेवीस, सत्तावीस, एकतीस. शेवटच्या मिनिटाला त्याला दोन फ्री थ्रो मिळाले आणि दोन्ही रिंगेला न शिवता खाली आले. आम्ही तेहतीस, नागपूर चौतीस. एका पॉइंटानं हरलो. पण विकला असं कुणी म्हटलं नाही, आणि प्रिन्सिपॉलसाहेबांनी जाताना बिरजूच्या खांद्यावर हात ठेवला.

ग्राउंड रिकामं झाल्यावर मी त्याला गाठलं. तो ओंडक्यावर बसून पायाची पट्टी सोडत होता. मी म्हणालो, "बिरजू, मले माफ कर. मी तुहं नाव मातीत घालून राह्यलो होतो."

तो पट्टी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "नागपूरले पहिल्याच चेंडूले समजलं होतं मले, रिंग खाली हाये म्हून. तिथल्या एका खेळाडूले चहा पेता पेता इचारलं बी. तो म्हणे, आमची बरोबर हाये, तुमचीच मोजा."

"मंग बोलला काऊन नाई?"

"कोणाले बोलू? माप तुमचं होतं." तो माझ्याकडे न पाहता बोलत होता. "माहा बाप बारा वर्षांपासून तुमच्या फितीखाली लाकूड ठेवते. दहा फूट म्हटलं का चार बोटं जास्त तोडते, ते मापात येत नाई, त्याचा पैसा बी भेटत नाई. मी लहानपणी इचारलं, तं म्हणे, गुणवंतभाऊच्या मापाले बोलाचं नसते. मंग मले वाटलं, माहाच हात चुकून राह्यला."

तो उठला, मला नमस्कार केला आणि होस्टेलकडे गेला. मी त्या ओंडक्यावर बसलो. उद्या सोमवार होता. बुधू तोडायचा त्या ठेक्यावरच्या गाड्या सोमवारीच टालावर यायच्या, आणि पहिला ओंडका उतरला की रुखमा फितीचं टोक धरून मला विचारणार होती, कुठून धरू म्हणून.