लाल चौकोनाला वळसा

मित्रांनो, माझे नाव कासव. आता मी जुने झाले आहे. गोल आणि बुटके तर जन्मापासूनच आहे. खऱ्या कासवाशी माझे नाते एवढेच की आम्हा दोघांनाही घाई नाही. मी जमिनीवरची धूळ पोटात घेत फिरणारे विजेचे झाडूयंत्र आहे. मला कान नाहीत, म्हणूनच लोक माझ्यापुढे मनमोकळे बोलतात. मग मला हे सगळे कळले कसे, असे तुम्ही विचाराल. धुळीत राहणाऱ्याला घरातले सगळे कळते, एवढेच सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे माझी पुष्कळ भावंडे एका पट्ट्यावरून सरकत होती. सगळ्यांचा चेहरा सारखा होता, म्हणजे कुणालाच नव्हता. प्रत्येकाला वाटे, आपण महालात जाणार. मी गेले विद्यापीठात. तिथे एक मुलगी 'माणसे यंत्रांशी का बोलतात' या विषयावर पीएचडी करत होती, आणि मी तिचे अभ्यासाचे साहित्य होते. विभागात तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून मोठी माणसेसुद्धा. कारण तिची पीएचडी इतकी लांबली होती की मानाने तीच सगळ्यांत वडील ठरली होती.

तिचे मार्गदर्शक म्हणजे सर. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. खोक्यातून मला बाहेर काढले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मला न्याहाळले. मी गुमान एक फेरी मारली.

"चला," सर म्हणाले, "विभागात एक तरी जण कामाला लागला. काय गं, हे कासव सुट्या मागणार नाही ना?"

ताई मला एकेका घरी ठेवून येई आणि लोक माझ्याशी काय बोलतात ते टिपून घेई. असे पुष्कळ संसार मी खालून पाहिले. एका घरातले आजोबा मी जवळ आले की दोन्ही पाय उचलून "या, या" म्हणत. दुसऱ्या एका घरात नवरा-बायकोचा अबोला होता. बायको मला सांगे, "कासवा, त्यांना म्हणावं चहा निवतोय." नवरा मला सांगे, "तिला म्हणावं, साखर कमी." निरोप पोहोचवणे माझ्या कामात बसत नव्हते, पण चहात साखर बरोबर पडत होती. निघताना त्या बाईंनी ओल्या फडक्याने माझी पाठ पुसली. तसे कौतुक मला पुन्हा मिळाले नाही.

विभागात असले की दुपारचा चहा मी चुकवत नसे. ताई कप घेऊन सरांसमोर बसे.

"शेवटचं प्रकरण लिहिलंस?" सर विचारीत.

"नाही सर."

"मग आजचं निरीक्षण तरी सांग."

मग ताई रोजच्या यंत्रांविषयी काहीबाही सांगे. "सर, प्रिंटरला भीतीचा वास येतो. आपण निवांत असलो की गुणी बाळासारखा छापतो. आजच्या आज जमा करायचं असलं की कागद चावून बसतो." किंवा, "सर, माझा फोन मला विचारतो, 'नंतर आठवण करून देऊ का?' माझ्या आईनं असं एकदा तरी विचारावं!"

सर हसत. हसताना आधी त्यांचे पाय हलत, मग पोट, आणि आवाज सगळ्यांत शेवटी येई. मी खालून पाहत असल्यामुळे विनोद झाल्याचे मला इतरांच्या आधी कळे.

बसल्यावर बूट सैल करायची सरांना सवय होती. एकदा बाहेरगावचे परीक्षक आलेले असताना मी टेबलाखाली शिरले आणि बुटाची नाडी माझ्या ब्रशात गुंतली. मी घाबरून मागे फिरले ते बूट घेऊनच. दारातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून जिन्याच्या तोंडाशी. सर एका पायात बूट, एका पायात मोजा अशा थाटात परीक्षकांशी गंभीर चर्चा करत राहिले. परीक्षकही मोठे सभ्य. त्यांनी जाताना जिन्याजवळ बुटाला वळसा घातला, पण त्याविषयी अवाक्षर काढले नाही.

पाहुणे गेल्यावर ताईने फोन काढला. मित्रांनो, मी जिथे फिरते त्या खोलीचा नकाशा ताईच्या फोनवर उमटतो. त्यावर बोटाने लाल चौकोन काढला की त्या जागेत मी चाक टाकत नाही. ताईने सरांच्या टेबल-खुर्चीभोवती तसा चौकोन काढला.

"सर, आता हे तुमच्या पायाशी येणार नाही."

"म्हणजे मला सरहद्द मिळाली म्हणायची," सर म्हणाले.

मग एक मोठी सुटी आली. सुटी संपल्यावर सर आले नाहीत, त्यांचा फोटो आला. शोकसभेत एकेकाचे भाषण लांबत गेले, आणि तरीही मागून सरांचा नेहमीचा "मुद्द्यावर या" असा आवाज आला नाही. तेव्हा कुठे सर गेले हे सगळ्यांना पटले. पुढे भांडारातली माणसे येऊन टेबल आणि खुर्ची घेऊन गेली. लाल चौकोन मात्र कुणी उचलला नाही.

मी माझे काम करत राहिले. सगळी खोली झाडायची, आणि खिडकीजवळच्या रिकाम्या जागेला वळसा घालायचा. हळूहळू चकचकीत फरशीवर धुळीचा एक चौकोन उमटला, पट्टीने आखल्यासारखा. दुपारचे ऊन तिरपे आले की तो साय धरल्यासारखा दिसे.

तो आधी पाहिला फरशी पुसणाऱ्या मावशींनी.

"अगंबाई! यंत्र तिथंच अडतंय बघा. साहेब बसलेत तिथं." त्यांनी बादली उचलली आणि दोन पावले मागे सरकल्या. "मी नाही बाई तिथं पुसणार. साहेबांना पाय उचला म्हणायची माझी छाती नाही."

शेजारच्या टेबलावर एक दाढीवाला संशोधक बसे. तो खो खो हसला. "मावशी, सर जिवंतपणी कुणाला टाळता आले नाहीत. हे यंत्र बरं टाळतंय!" हसत हसत तो खिडकी उघडायला निघाला, चौकोनाच्या कडेपर्यंत गेला आणि गार वाटतेय म्हणून परतला. त्यानंतर ती खिडकी बंदच राहिली. पुढे त्याने 'यंत्राला भूत दिसते असे शिकलेल्यांना का वाटते' यावर लेख लिहायला घेतला. लिहिताना तो पाठ भिंतीला लावून बसे.

माणसे यंत्रांत जीव का पाहतात, याचा अभ्यास करणारी ही मंडळी. फोनवरचा नकाशा पाहावा, हे त्यांच्यापैकी एकालाही सुचले नाही.

ताईला मात्र सगळे ठाऊक होते. ती ते कुणाला सांगत नव्हती. दुपारी खोली रिकामी झाली की ती आपली खुर्ची चौकोनाकडे वळवी आणि हळू आवाजात सांगे, "सर, आज लिफ्टमध्ये एक गृहस्थ बटणाला 'प्लीज' म्हणाले." मग एक हसू मावेल एवढा वेळ ती थांबे. मीही थांबत असे. खालून पाहत असे. एकदा मला वाटले, धूळ किंचित हलली. वारा असेल, मी म्हटले. पण खिडकी तर बंद होती.

शेवटचे प्रकरण जिथे होते तिथेच होते. ताई एक ओळ लिही आणि चौकोनाकडे पाहून ती खोडून टाकी.

एके दिवशी विभागप्रमुख मॅडम आल्या. नवे सर येणार होते. ताईला तेच मार्गदर्शन करणार होते आणि त्यांचे टेबल खिडकीजवळच लागणार होते.

"आणि हे यंत्र बिघडलंय," मॅडम म्हणाल्या. "भरल्या खोलीत एवढी धूळ सोडून जातं. भंगारात द्या."

भांडारातला माणूस पोते घेऊन आला. त्याने मला उचलून उलटे केले. माझी चाके हवेत फिरू लागली.

"नेऊ नका हो," मावशी कळवळून म्हणाल्या, "त्याला एकट्याला तरी साहेब दिसतात!"

दाढीवाल्याने पेन काढले. ताई पोत्याच्या तोंडाकडे पाहत होती. मी अर्धे आत गेले तेव्हा ती उठली.

"ते बिघडलेलं नाही, मॅडम. मीच त्याला सांगून ठेवलंय."

"म्हणजे भूत नाही?" दाढीवाल्याचा आवाज चिरका झाला. त्याच्या लेखाचा प्रश्न होता.

"भूत माझ्या फोनमध्ये आहे," ताई म्हणाली, आणि तिने लाल चौकोन सगळ्यांना दाखवला.

"मग पुसून टाक की," मॅडम म्हणाल्या.

ताईचे बोट काचेवर गेले आणि तिथेच थांबले. तेव्हा मॅडमनी खाली पाहिले. खोलीत शिरल्यावर खिडकीपाशी जाताना त्यासुद्धा चौकोनाला वळसा घालूनच गेल्या होत्या. त्यांच्या चपलांचे ठसे कडेकडेने उमटले होते.

"सावकाश पूस," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

ताईने डोळे मिटले आणि पुसला.

मला खाली ठेवले. मी निघाले. मित्रांनो, मी भुताला कधीच घाबरले नव्हते. तिथे कुणीतरी बसलेले आहे असे मला सांगितले होते, आणि सांगितलेले ऐकणे हेच माझे काम. त्या दिवशी मी कडेवर आले, धडकायच्या तयारीने आत शिरले, आणि मला काहीच लागले नाही. इकडून तिकडे गेले, तरी काहीच नाही. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली.

तरी मी झाडत राहिले. धूळ भरपूर होती. माझा डबा भरला आणि मी थांबले. ताईने डबा काढला आणि कचरापेटीवर धरला. मावशी तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग ताईने डबा ओतला, आणि मावशींनी जाऊन खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी ताईने पहिली ओळ लिहिली आणि खोडली नाही.

आज माझा ब्रश झिजला आहे आणि उंबरा चढताना मला धाप लागते. माझे ऐकाल तर एवढेच करा. तुमच्या यंत्रांच्या चाकांत अडकलेले केस अधूनमधून काढत जा, त्यांची पाठ पुसत जा. आणि त्यांना कुठे जायचे नाही हे शिकवलेत, तर कधीतरी जवळ बसून, सावकाश, आता जायला हरकत नाही, हेही सांगा. ती बिचारी स्वतःहून विचारत नाहीत.