माझ्यावरची कत्तरी पुसली तेव्हा

मी फळा. म्हैसूरच्या आमच्या शिंपी समाजाचं विठ्ठल मंदिर आहे, त्यामागच्या सभागृहात टांगलेला. जन्म मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यातला. सुरुवातीला माझ्यावर भजनाच्या वेळा नि पंगतीचे बेत लिहायचे. कंटाळलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग अंबूताई आली. सत्तरीची, उभा जन्म शिवणयंत्रावर गेलेली. नातवंडं मराठी विसरत चालली म्हणून तिनं रविवारचा वर्ग सुरू केला. घरात बोलतात तीच मराठी ती शिकवायची. ‘क’ कशाचा? कत्तरीचा! कात्रीला आमच्यात कत्तरीच म्हणतात. शब्द कन्नड आहे, पण त्याचं अंबूताईला काही वाटायचं नाही. तिची नात स्पंदना पहिल्या ओळीत बसून सगळ्यांत मोठ्यानं ओरडायची.

वर्ग छान चालला होता. मग माझ्यासमोरच समितीची बैठक भरली. अध्यक्ष तिरुमलराव म्हणाले, “सोलापूरचे पाहुणे लग्नाला आले होते. आपल्या पोरांची मराठी ऐकून हसले. शिकवायची तर शुद्धच शिकवू.”

हे ते कन्नडमध्ये बोलले. आमच्या बैठका कन्नडमध्येच होतात.

“माझी आई बोलायची ते अशुद्ध, होय काय?” अंबूताईनं मराठीत विचारलं.

“अंबूताई, तुम्ही स्वल्प थांबा,” तिरुमलराव म्हणाले. हे मात्र मराठीत, ‘जरा’ला ‘स्वल्प’ म्हणणाऱ्या अगदी अंबूताईच्याच मराठीत. मग भराभरा हात वर झाले.

गोकुलममध्ये नव्यानं राहायला आलेल्या केतकी मॅडम शिकवू लागल्या. पुण्याच्या, गोड स्वभावाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यावरची कत्तरी पुसली आणि सुरेख अक्षरात ‘कात्री’ लिहिलं. अंबूताई मागच्या बाकावर बसून होती.

पुढच्या रविवारी मॅडमनी स्पंदनाला विचारलं, “सकाळी काय केलंस?”

“मी ऊट करून आले,” स्पंदना म्हणाली. आमच्याकडे जेवणाला ऊट म्हणतात.

“उंट?” मॅडम हसल्या. “उंट खाऊन आलीस?”

पोरं खदखदून हसली. घरी तीही ऊटच करतात, पण हसली. मॅडमच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी लगेच स्पंदनाला जवळ घेऊन ‘जेवण’ हा शब्द शिकवला. पोर मान खाली घालून उभी होती. त्यानंतर वर्गात तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं नाही. बाकीचीही बोलायच्या आधी घुटमळायला लागली. चुकण्यापेक्षा कन्नड बरी.

पुढं मॅडमच्या नवऱ्याची बदली झाली आणि वर्ग बंद पडला. समाजाची सर्वसाधारण सभा भरली. ठराव आला: मुलांना मराठीत रस नाही, यापुढं सगळ्या सूचना कन्नडमध्ये, अभंगही कन्नड लिपीत छापायचे.

अंबूताई उठली. “वर्ग मी परत घेते. माझ्या मराठीत.”

“पोरं यायला हवीत ना?” तिरुमलरावांनी समोर बसलेल्या स्पंदनाला विचारलं, “तू येशील का गं?”

स्पंदनानं आजीकडं पाहिलं नाही. “बरल्ल,” ती पुटपुटली.

कन्नडमध्ये याचा अर्थ ‘येणार नाही’ असाही होतो आणि ‘मला येत नाही’ असाही. तिला कोणता म्हणायचा होता, ते कुणी विचारलं नाही. अंबूताई खाली बसली. ठराव एकमतानं झाला असं जाहीर केलं. तिचा हात मांडीवरच होता, तरी.

यंदा समितीनं ‘मराठीच्या सेवेबद्दल’ अंबूताईचा सत्कार ठरवला. आमंत्रण माझ्यावर ठळक कन्नडमध्ये लिहिलं होतं. ती आलीच नाही. शाल तिची सून भाग्या हिनं घेतली. भाषणं झाली, टाळ्या पडल्या, उपमा नि केसरीभात संपला.

आता माझ्या चौकटीला वाळवी लागलीय. माझ्या जागी पांढरा फळा आणणार आहेत. आणा. मला मोडून पाकशाळेच्या चुलीत घाला, माझी तक्रार नाही. फक्त, जुनी आठवण म्हणून मला अंबूताईच्या घरी पाठवू नका. ती खडू हातात घेईल, आणि वाचणारं घरात कोणी नाही.