हेब्रोनच्या शिडातला वारा

हेब्रोन या ख्रिस्ती देवळाला दीडशे वर्षं झाली, त्या रविवारी बाकं गच्च भरली. पाटीच्या दगडाची खाण बंद पडल्यापासून असं कधी झालं नव्हतं. व्यासपीठाखाली वडीलमंडळींचं मोठं आसन होतं. तिथे आता एकटाच बसणाऱ्या म्हाताऱ्या इदवलचा ऊर भरून आला.

"देऊळ मेलं म्हणणारी तूच ना?" मागे वळून तो पहिल्या बाकावरच्या टेगवेनला म्हणाला.

"ही तू जमवलेली वऱ्हाडी मंडळी. चहा-पाव खाऊन जातील. उपासना झाली की मतं घ्यायची आहेत, विसरू नकोस. उरलो आपण पाच जण, वर छप्पर गळतंय. मी देऊळ बंद करायच्या बाजूने हात वर करणार."

"आधी मेरेदिथ पाळकांना गाऊ दे. मग कर वर, धजावलीस तर!"

इदवलची सारी भिस्त त्यावरच होती. मेरेदिथ उपदेश गाणाऱ्यांतले शेवटचे. बोलता बोलता त्यांच्या शब्दांना सूर फुटायचा; शिडात वारा भरला, असं लोक म्हणायचे. पण तो वारा बाकांवरून यावा लागतो. 'होय, होय!', 'आमेन!' असं खालून कुणी म्हटलं, तरच वरचा सूर चढतो. म्हणून तर इदवलने शहरातलं पुरुषांचं गायकमंडळ बोलावलं होतं.

मंडळ गायलं मात्र जीव ओतून. शेवटची ओळ पुन्हा पुन्हा घेतली, बाकांची लाकडं घुमली. पण गीतं त्यांनी घोकून पाठ केली होती. गावची ही जुनी भाषा त्या इंग्रजी बोलणाऱ्यांतल्या एकालाही येत नव्हती.

मेरेदिथ उभे राहिले. त्यांनी बायबलमधलं रिकाम्या जाळ्याच्या कोळ्यांचं वचन घेतलं. "सारी रात्र कष्ट केले..." सूर अलगद फुटला, "आणि काहीच धरले नाही!"

ते थांबले. बाकं गप्प.

"होय!" इदवलचा आवाज चिरकला.

"आमेन," टेगवेनच्या तोंडून निघून गेलं.

मेरेदिथांचे डोळे चमकले. "तरी तुझ्या शब्दावरून जाळे..." सूर वर, आणखी वर गेला, आणि पाहुण्यांनी कौतुकाने टाळ्यांचा कडकडाट केला.

हेब्रोनमध्ये आजवर कुणी टाळी वाजवली नव्हती. मेरेदिथ दचकले. इंग्रजीत "आभारी आहे" म्हणाले आणि उरलेला उपदेश त्यांनी इंग्रजीतच, सपाट आवाजात संपवला.

पाहुणे शेजारच्या खोलीत चहाला गेले. मेरेदिथ व्यासपीठाच्या पायरीवर टेकले होते.

"इदवल, मी थांबायला नको होतं."

"तुम्ही कुठे थांबलात, पाळकसाहेब? टाळ्यांनी थांबवलं."

टेगवेन डोळे पुसत होती. "तू म्हणत असशील तर मी हात खालीच ठेवते, इदवल. 'आमेन' तर म्हणून बसलेय."

इदवलने रिकाम्या बाकांकडे पाहिलं. शेजारून कपबश्यांचा आवाज आणि हसणं येत होतं. पुढच्या वर्षी 'होय' कोण म्हणणार?

मतं घेतली तेव्हा बंद करायच्या बाजूने सगळ्यांत आधी त्याचाच हात वर गेला.