भरवायची पाळी

"काकू, दार उघडा. मऊ भाताचा वास खाली भाजी चिरणाऱ्यांपर्यंत आलाय!"

काकूंनी कपाट पाठीने दाबून धरलं. आत विजेची इवलीशी शेगडी होती आणि तिच्यावर पातेलं रटरटत होतं. खोल्यांमध्ये हवा खेळावी म्हणून भिंतींतून झरोके काढले होते आणि ते सगळे खालच्या स्वयंपाकघरात उघडत होते. नेमकं तेवढंच काकू विसरल्या होत्या.

त्या इमारतीत कुणाच्याच खोलीत चूल नव्हती. बाईचा जन्म चुलीपुढे सरू नये म्हणून मधोमध सगळ्यांचं एकच स्वयंपाकघर, शेजारी धुणीघर, पलीकडे लांबलचक जेवणघर. मधल्या भिंती काचेच्या. कोण राबतं, कोण नुसतंच जेवतं, सगळं सगळ्यांना दिसावं. पहिल्या दिवशी काकू त्या काचांवरून हात फिरवत हसल्या होत्या.

संध्याकाळी बैठक बसली. कारभार बघणाऱ्या बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या. आवाजात अजून मायेचा खडू.

"आम्हाला एक घास तरी ठेवायचात, काकू!" कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"ह्यांचं तोंड वाकडं झालंय," काकू म्हणाल्या. "घास ओघळतो. दार लावून भरवते, तेव्हा खातात. चारचौघांत त्यांना लाज वाटते हो."

ह्यांचं, म्हणजे टेलरकाकांचं. जन्मभर लोकांची मापं घेतलेला माणूस. आता अर्धं अंग लुळं पडलेलं.

"आपल्याच घरात कसली लाज?" बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही एकटीनं का झिजायचं?"

"मला नाही वाटत झिजल्यासारखं."

"तशी सवयच लावलेली असते बायकांना."

शेगडी काढून घ्यावी म्हणून हात वर झाले. जिचं तान्हं काकूंनी मांडीवर वाढवलं, त्या पोरीचाही झाला. "तुमच्या भल्यासाठीच हं, काकू," ती कानाशी पुटपुटली.

शेगडी गेली. टेलरकाकांना चाकांच्या खुर्चीतून खाली जेवणघरात आणायचं ठरलं आणि भरवायची पाळी लागली, रोज एकाची. काकूंची पाळी त्यात नव्हती. आपल्या माणसाची चाकरी आपल्याकडे नको, असा नियमच होता. त्यांच्या वाट्याला धुणीघर आलं.

पहिले काही दिवस काकांनी दात घट्ट मिटून घेतले. चमचा ओठांवर आपटे, भात हनुवटीवरून गळ्यात उतरे. गालांना खोबणी पडल्या. काकू काचेआड चादरी पिळत. पिळलेली चादर पुन्हा पिळत.

त्या दुपारी पाळी इमारतीतल्याच कुणाच्या तरी दांडगट जावयाची होती. "आ करा, काका! आऽऽ! विमान आलं!"

काकांनी मान वळवली. लांब टेबलावरच्या सगळ्या डोक्यांवरून त्यांची नजर काचेपाशी आली, काकूंवर थांबली. जाऊ का आता कायमचा, असं विचारणारी नजर.

काकूंच्या हातातली चादर ठिबकत राहिली. मग त्यांनी काचेआडून आपलंच तोंड हळूच उघडलं, लेकराला भरवताना उघडतात तसं.

काकांनी आ केला.

जेवणघरात टाळ्या पडल्या. बाईंनी काचेवर टकटक केलं. "बघितलंत? तुमच्यावाचून काही अडत नाही त्यांचं!"

घास ओघळला. जावयाने तो चमच्यानेच निपटून पुन्हा तोंडात सारला. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंड मुकाट्याने उघडत होतं, मिटत होतं.

काकूंनी ओली चादर झटकली आणि दोन्ही हातांनी उंच धरली, आपल्या आणि काचेच्या मधे. कोपरांवरून पाणी आत पोटापर्यंत उतरलं. दंड भरून आले. पलीकडे ताटं उचलल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी ती खाली घेतली नाही.