आरशातला अर्धा चंद्र

माझं लग्न होतं आणि नवरीच हरवली होती! नवरी म्हणजे मी. गाडी बाबा चालवत होते, मागे आई, आणि चारी बाजूंनी नुसती शेतं. फोनला रेंज नाही. मला मेलीला हसूच आवरेना. तिकडे समुद्राकाठच्या त्याच्या घरी माझा होणारा नवरा, बोटीवरचा आचारी, सही करायला पेन घेऊन बसला असणार. सकाळी आमची दोघांची बोट होती, आणि लग्नाचा कागद नसेल तर मला कुणी बोटीवर पाऊलसुद्धा ठेवू देणार नव्हतं.

"अहो, विचारा की कुणाला!" आई म्हणाली.

"कुणाला, बुजगावण्याला? वर चंद्र आहे ना! सूर्य बुडून मागचा उजेडसुद्धा गेलाय. चंद्राची उजळ बाजू सूर्याकडे, म्हणजे पश्चिमेला. तिकडेच समुद्र. आणि अर्धा चंद्र मध्यरात्रीपर्यंत मावळत नाही. वेळ चिक्कार आहे."

चंद्र गाडीच्या मागे होता. बाबांनी वरच्या आरशात पाहिलं. उजळ बाजू डावीकडे होती.

"आरशात सगळं उलटं दिसतं. म्हणजे उजवीकडे!" त्यांनी झोकात गाडी वळवली. मी टाळ्या पिटल्या.

"झालं कल्याण," आई म्हणाली.

आणि झालंच. गाडी थांबली ती परत आमच्याच गावात, बाबांच्या सलूनसमोर! पायरीवर माझा आचारी घामाघूम होऊन बसलेला, शेजारी लग्न लावणारे साहेब.

"पळून गेलीस की काय! म्हणून यांना उचलूनच आणलं," तो म्हणाला. मी खिदळत त्याच्या गळ्यातच पडले.

लग्न सलूनमध्येच लागलं. वस्तऱ्याशेजारी कागद ठेवून सही केली आणि मान वर केली. समोरच्या आरशात माझा डावा कान दिसला. डावीकडेच. माझं हसू थांबलं. गिऱ्हाईकाचा डावा कान आरशातही डावीकडेच असतो, हे मला बाबांनीच शिकवलं होतं. जन्मभर आरशात बघून कात्री चालवली त्यांनी.

"बाबा," मी हळूच म्हणाले, "आरशात उलटं दिसतं होय?"

ते कोरडाच वस्तरा पुसत राहिले. "चुकलं गं. वाटलं, एवढी एक बोट चुकावी."

मी रडले, मग हसले, मग दोन्ही एकदम.

सकाळी बोटीपर्यंत गाडी बाबांनीच चालवली. आरसा आईने आधीच स्वतःकडे फिरवून घेतला होता. तरी त्या वळणावर त्यांचा हात एकदा उजवीकडे गेलाच.